तेलाच्या डब्यांतली बाग

खर्र… खर्र… खर्र. पत्र्याचा डबा खळ्यातून ओढत नेतानाचा तो आवाज नुसता आठवला तरी आजही माझं डोकं उठतं. सकाळी डबे उन्हात, दुपारी सावलीत, ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. मी पडवीत बारावीचं पुस्तक उघडून बसलेली आणि घरापुढच्या खळ्यात बाबांची ही शिफ्ट चालू. वाटायचं, एकदाचे ते डबे उचलावे आणि दगडी गडग्यापलीकडे भिरकावून द्यावे.

गिरणीचा संप लांबत गेला तसे बाबा मुंबईहून घरी आले होते. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, कातळावरचं. तोपर्यंत बाबा म्हणजे गणपती आणि शिमगा. ट्रंक उघडायची, खाऊ निघायचा, चार दिवस लाड, की लगेच परतीची गाडी. आता ते रोज घरात होते आणि त्यांना घरात बसताच येत नव्हतं. भोंगा झाल्यासारखे पहाटे उठायचे, येरझाऱ्या घालायचे, तिठ्यावर जाऊन मुंबईच्या एस्टीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला गाठायचे. "काय खबर? घेतायत काय कामावर?" खरं सांगते, मला ते नकोसे झाले होते. आणि ते गेले तर आई पुन्हा एकटी, हा विचारही डोक्यातून जायचा नाही.

बागेचं खूळ त्यातूनच निघालं. खर्च करायला हातात काही नव्हतं, म्हणून दुकानातून गोडेतेलाचे रिकामे चौकोनी डबे मागून आणले. वरचा पत्रा कापून कडा हातोडीने आत वळवल्या. तळाला नारळाची सोडणं, ओल धरायला. वर आंब्याखालची कुजलेल्या पानांच्या पातेऱ्याची माती, शेणखत, चुलीतली राख. रोपं सगळी लोकांच्या दारातली. कुणाकडून अबोली, कुणाकडून मोगऱ्याची फांदी, मिरच्या, देवळामागच्या घरातून कढीपत्त्याचं बोटभर रोप. फुटक्या कौलांची किनार सुद्धा झाली. शेजारची काकी येऊन बघून गेली. "गो बाय, चाळीची गॅलरीच आणलीन की इथं!"

आईला ते कौतुक चांगलंच झोंबलं.

"अवो, एवढी जागा पडलीय. डब्यात कसली झाडं लावताय? भुईत लावा की."

"डबे बरे. उचलायला सोपे."

"उचलून नेणार कुठं?"

बाबांनी एक डबा उगाच वीतभर सरकवला. त्यांचं सगळं आयुष्यच उचलता येण्याजोगं होतं, ट्रंक काय, वळकटी काय, गाववाल्यांच्या खोलीतली झोपायची जागा काय. भुईत झाड लावायचं म्हणजे इथं राहायचं, आणि इथं राहायचं म्हणजे गिरणी सुटली असं आपल्या तोंडाने म्हणायचं. ते त्यांच्याच्याने होत नव्हतं. आई रोज तेच बोलायची आणि रोज भांडण व्हायचं. मग एक दिवस ती बोलायचीच थांबली, आणि मला तिच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायला लागली.

फक्त कढीपत्त्याचा डबा तिने हलवू दिला नाही. तो मागीलदारी, चुलीपासून हात लांब केला की सापडेल असा ठेवून घेतला. "याला हात लावू नका. मला फोडणीला लागतो." आमच्याकडे मासळी धुतलेलं पाणी कोणी फुकट घालवत नाही, ती ते रोज त्याच्या बुंध्यात ओतायची.

दोन पावसाळे गेले. संप मिटला की नाही, तेही कोणी धड सांगेना. मग तिठ्यावर खबर आली की काही जणांना परत घेतायत. बाबांनी त्याच दिवशी ट्रंक काढली. आईने सकाळच्या गाडीसाठी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधली. गाठ तेवढी दोनदा आवळली. मला तिचा राग आला. अगं, अडव ना त्यांना, एकदा तरी!

निघता निघता बाबा मागीलदारी गेले. "हा कढीपत्ता नेतो. खोलीवर आमटीत पडेल." डब्याला दोन्ही हात घातले आणि उचलायला गेले. डबा हलला नाही. पुन्हा जोर लावला, तर बाजूचा गंजका पत्रा त्यांच्या हातात आला. खाली वाकून बघितलं. डब्याला बूडच उरलं नव्हतं. सोडणांची ओल आणि मासळीचं पाणी यांनी तळ खाऊन टाकला होता, आणि करंगळीएवढं मूळ सरळ भुईत उतरलं होतं.

बाबा तिथेच उकिडवे बसले. कितीतरी वेळ त्या मुळाकडे बघत होते.

"बाय, कोयता आण."

मी आईकडे बघितलं. आई दारात फडकं धरून उभी. "आणू नको," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चिरकला. बाबांनी वर बघितलंच नाही. "आण म्हणतो ना!" मी रडतच कोयता आणून दिला.

त्यांनी पातं पत्र्यात घातलं. वरपासून खालपर्यंत डबा चिरला, मग दुसऱ्या अंगाने. तो आवाज डबे ओढण्यापेक्षाही वाईट होता. दोन्ही हातांनी पत्रा फाकवून त्यांनी तो सोलून काढला आणि बाजूला टाकला. तिठ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा एकदा. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं.

"माती ओढ गो," ते आईला म्हणाले, "मूळ उघडं पडलंय."

आईने फडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसून दोन्ही हातांनी माती ओढायला लागली. प्रवासाची ती भाकरी आम्ही तिघांनी दुपारी घरातच खाल्ली.