पुना

वराळ्याच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात याद्या मी ठेवते आणि वेल्डिंग आंदर मावळातले सर शिकवतात. पूर्वी मुलींचा कसाही जोड पाहून ते म्हणायचे, "चालतंय की." कारखान्याच्या चाचणीत मात्र तो चालत नसे आणि मुली घरी परतत.

मग जर्मनीहून एक वयस्क वेल्डर मॅडम तीन महिने स्वयंसेवक म्हणून आल्या. 'अगेन'ला मराठीत काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. सरांनी गावाकडचा शब्द सांगितला, "पुना." मग प्रत्येक जोड पाहून मॅडमचं दिवसभर तेच. मुली हसायच्या, "सर, मॅडमना पुण्याला जायचंय!" पण जोड सुधारले आणि चौघींना कारखान्यात नोकरी लागली.

आता सर जोडावरून बोट फिरवतात आणि मॅडमच्याच सुरात म्हणतात, "पुना." मॅडमनी मागे ठेवलेला मास्क माझ्या यादीत आहे, पण सर तो कुणाला देत नाहीत. रोज पुसून खुंटीला लावतात.

काल मी यंदाच्या स्वयंसेवकांची यादी भिंतीवर लावली. सरांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"मॅडम न्हाईत व्हय ह्यात?"

"नाहीत, सर."

त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"थांबा. पुना बघतो."