आरशात बघून हसा

सातपूरला आमच्या कंपनीच्या गेटसमोर एक सलून आहे. तिथला कारागीर वस्तऱ्याला हात लावायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "आरशात बघून हसा." मग दोन्ही हात वर करायला लावतो आणि नाव विचारतो. माझी दहा वर्षांची ओळख, तरी मलाही विचारतो. शेवटी, "बीपीची गोळी घेतली?" नाही म्हटलं की सरळ खुर्चीतून उठवून घरी पाठवतो. नवीन लोक फिदीफिदी हसतात. तो मात्र दोन्ही कल्ले सारखे आलेत का बघावं, तसा चेहऱ्याच्या दोन बाजू ताडून बघत असतो.

डोक्याची मालिश तो करत नाही. एकदा मी फारच आग्रह केला, तेव्हा हात पुसत म्हणाला, "याच खुर्चीत एक जण म्हणाला, एकदम डोकं फुटायला लागलंय. मी तेल लावून अर्धा तास चोळत बसलो. वाटलं, आराम पडून झोपला. ब्रेन हॅमरेज होतं ते. तेव्हाच उचलून न्यायला पाहिजे होतं हो."

एका रविवारी सकाळी मी नेहमीसारखा बसलो. हसलो, दोन्ही हात वर केले, नाव सांगितलं. त्याने माझ्या अंगावरचं कापड हळूच काढलं आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली.

"काय झालं?"

"एकच हात वर आलाय," तो म्हणाला.

रिक्षात त्याने पुन्हा नाव विचारलं. मी अगदी स्पष्ट सांगितलं. रिक्षावाला दचकून मागे वळून बघायला लागला.