टॉवेलवाल्याच्या चष्म्याचा नंबर

गुरुजींनी टेबलाच्या खणातून खडूचा जुना खोका काढला आणि माझ्यापुढे सरकवला. आत चष्मे होते. मोजले, तेवीस भरले. तीन आठवड्यांपूर्वी मीच या शाळेत चोवीस चष्मे वाटले होते. चोविसावा एका मुलीच्या बकरीने चावला होता, म्हणजे निदान तो तरी घरापर्यंत पोचला होता.

"सगळ्यांनी एकाच दिवशी आणून दिले," गुरुजी म्हणाले. "मी काही बोललो नाही हो, बाई."

मी ऑप्टोमेट्रिस्ट. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, पण डहाणू-तलासरीत मला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. डहाणू रोडला एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात माझी नोकरी. २०१६ च्या सुमारास मुंबईच्या एका संस्थेने आम्हाला गाडी दिली होती. ती घेऊन गावोगावच्या शाळेत जायचं, मुलांचे डोळे तपासायचे, लागेल त्याला चष्मा फुकट द्यायचा. ही शाळा झरी गावाच्या बरीच पुढे, जिथे आमचा ड्रायव्हर प्रत्येक वळणावर मला ऐकू जाईल असा उसासा टाकायचा.

आमच्या धंद्यात "कम्प्लायन्स" नावाचा एक शब्द आहे. दिलेला चष्मा मूल खरोखर लावतं की नाही, एवढाच त्याचा अर्थ. न कळवता जायचं आणि नाकांवरचे चष्मे मोजायचे. निम्मे सापडले तरी आम्ही खूश असतो. इथे भोपळा होता. आणि आठ दिवसांनी संस्थेच्या मॅडम मुंबईहून नेमकी हीच शाळा बघायला येणार होत्या. मी आमच्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला.

"साहेब, कम्प्लायन्स शून्य आहे."

"मॅडमना शून्य दिसलं तर गाडी दुसऱ्या तालुक्यात जाईल, बाई. काय ते बघा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ते ऑपरेशनच्या मधे होते, हे मला नंतर कळलं.

मुलं चष्मा का लावत नाहीत याची चार कारणं आमच्या फॉर्मवर छापलेली असतात. जड होतो, टोचतो, पोरं चिडवतात, हरवला. मी एकेकाला समोर उभं करून विचारलं. जड नाही. टोचत नाही. हरवायचा तर प्रश्नच नव्हता, खोका समोर होता. चिडवणार कोण, अर्ध्या वर्गाला चष्मा. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात डोक्यावर पत्रे तापलेले. शेवटी एक जण पायाकडे बघत म्हणाला, "वनिताला विचारा."

वनिता सहावीतली. मला तिचा नंबर आठवत होता, नाव नाही. आमचं हे असंच असतं. उणे साडेपाच, दोन्ही डोळे. म्हणजे वीतभर अंतरापर्यंत सगळं लख्ख, त्यापुढे धुकं. तीन आठवड्यांपूर्वी मी गुरुजींना विचारलंही होतं, की एवढ्या नंबरची पोरगी आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही? ते म्हणाले होते, "ती? ती नाटक करते. फळ्यावरचं वाच म्हटलं की दिसत नाही म्हणते, आणि मधल्या सुट्टीत कॉमिक्स धाडधाड वाचते. डोळे खराब असते तर कॉमिक्स कसं दिसलं असतं?" तेव्हा चाळीस मुलं रांगेत होती. मी मान हलवली आणि पुढचा डोळा बघितला. ती माझी चूक.

कॉमिक्स कुठून आली, हे ऐकून तर मी कपाळावर हात मारला. संस्थेच्या मॅडमनी मुंबईतल्या सोसायट्यांमधून जुनी पुस्तकं गोळा करून एक गठ्ठा शाळेला पाठवला होता. आमच्याच गाडीतून, चष्म्यांच्या पेटीशेजारी ठेवून. पुस्तकं हिंदी. वनिता ती नाकासमोर धरून आधी स्वतः वाचायची आणि मग घरच्या बोलीत सगळ्यांना सांगायची. मोहाच्या झाडाखाली चाळीस पोरं तिच्याभोवती. शाळेत ढ म्हणून ओळखली जाणारी ही मुलगी त्या झाडाखाली मात्र हेडमास्तर होती. हिरोंची नावंसुद्धा तिने आपल्या सोयीने ठेवली होती. पाठीवर कापड बांधून उडणारा तो टॉवेलवाला. तोंड झाकलेला तो मास्कवाला. अंगात काहीच शक्ती नाही, पण कमरेच्या पट्ट्यात नाना हत्यारं, तो सामानवाला.

मी तिला विचारलं, चष्मे का परत केले?

तिने मला एक कॉमिक्स उघडून दाखवलं. "हा बघा टॉवेलवाला. चष्मा लावून हापिसात बसतो, तवा सगळे त्याला येडा बोलतात. चष्मा काढला का उडतो. मी सगळ्यांना हेच सांगितलं."

"ते चित्र आहे गं."

"हाय ना. पण मी येडी हायच, सगळे बोलतात. वर चष्मा कशाला?"

यावर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. चष्मा नाही लावलास तर डोळे जातील, अशी तिला भीती घातली. हे खोटं आहे. चष्मा न लावल्याने तिचे डोळे जाणार नव्हते, फक्त दिसणार नव्हतं. तिला माझा खोटेपणा कळला असावा. तिने पुस्तक मिटलं आणि झाडाकडे निघून गेली.

जाताना गुरुजींनी दुसरी बातमी दिली. वनिताची आई तिला शिमग्यानंतर शाळेतून काढणार होती. आईबाप रोज पहाटे जीपने डहाणूकडे चिकूच्या वाडीत मजुरीला जातात, घरी धाकटा भाऊ. शिकतच नाही तर पोरगी निदान भावाला सांभाळेल, असं तिचं म्हणणं. मी गुरुजींना विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "मी काय म्हणणार? तिची आई बोलते ते खरंच आहे." मग आठ दिवसांनी येणाऱ्या मॅडमची काळजी माझ्या डोक्यातून गेली. शिमगा सहा आठवड्यांवर होता. मी गठ्ठ्यातली पाच कॉमिक्स मागून घेतली.

निघण्याआधी झाडाखाली बसलेल्या पोरांना सहज विचारलं, तुम्हाला यातलं आवडतं तरी काय? त्यांची उत्तरं माझ्या अजून लक्षात आहेत. सामानवाल्याचा भक्त म्हणाला, त्याला जादू येत नाही, मोडलं का स्वतः दुरुस्त करतो, माझ्या बापासारखा. मास्कवाल्याची भक्त म्हणाली, त्याने मार खाल्ला तरी कोणाला कळत नाही कोणी खाल्ला. आणि टॉवेलवाला का आवडतो, हे वनिताने न विचारता सांगितलं. "त्याला सगळं येतं. लोकांना वाटतं नाय येत."

दुसऱ्या दिवशी रविवार. आशागडला घरच्या ओट्यावर आमचे हे चिकू निवडत बसले होते, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. मी शेजारी खुर्ची टाकून कॉमिक्स वाचत होते. पन्नाशीला आलेली बाई उडणाऱ्या माणसाचं पुस्तक पेन्सिल घेऊन वाचतेय, हे बघून यांना फार मजा वाटली. "परीक्षा कधी आहे?" यांनी विचारलं.

मी चिडून वर बघितलं. यांचा नंबर उणे साडेचार. जाड काचेचा चष्मा. उणे नंबरच्या काचेतून वस्तू लहान दिसतात, तसंच तिच्याआडचा चेहराही आक्रसलेला दिसतो. समोरून बघा, गालाची कड वरून सरळ येते, काचेपाशी आली की तुटते आणि आत सरकलेली दिसते, काचेखाली पुन्हा आपल्या जागेवर. आमच्या धंद्यातली माणसं बसस्टॉपवर उभी राहून अनोळखी माणसाचा नंबर असा सांगतात. मी यांच्या गालाकडे बघितलं. मग पुस्तकातल्या टॉवेलवाल्याच्या गालाकडे बघितलं. मग पाचही पुस्तकांतली त्याची चष्म्यातली सगळी चित्रं काढून बघितली. हे म्हणाले, "अगं, काय झालं?" मी म्हटलं, "तुम्ही हलू नका."

सोमवारी पुन्हा झरीच्या पुढे. ड्रायव्हरचे उसासे. गुरुजींना मी आधीच निरोप दिला होता, वनिताच्या आईला बोलवा. ती आली होती, दाराशी उभी होती. माझ्यामुळे तिची जीप चुकली होती आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी आधी झाडाखाली गेले. खोक्यातला एक चष्मा, उणे चारचा, त्याच्या मालकाला घालायला लावला आणि वनिताला म्हटलं, याच्या गालाची कड बघ. वनिताला लांबून दिसणं शक्यच नव्हतं. ती त्याच्या नाकाला नाक लावून बसली. पोरं खिदळायला लागली, ती हलली नाही.

"तुटते," ती म्हणाली. "रेघ आत जाते."

मग मी तिच्या हातात कॉमिक्स दिलं. ती चित्राकडे बघत राहिली. पान उलटलं, दुसरं चित्र. मग तिसरं. मी काहीच सांगितलं नाही, हे माझ्या स्वभावाला फार जड गेलं.

"याची रेघ तुटत नाय."

"मग?"

"याला नंबर नाय." ती थांबली. "काच साधी हाय. याला तसंच दिसतं."

"मग चष्मा कशाला लावतो?"

"नाटक करतो," वनिता म्हणाली.

मी विचारलं, "आणि तू?"

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "मी नाय करत," ती म्हणाली. "मना दिसतच नाय."

मला भरून आलं. मला भरून आलं की मी कोणावर तरी खेकसते. खोक्यातून तिचा चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि तरातरा वर्गात गेले. म्हटलं, गुरुजी, शेवटच्या बाकावर बसा.

ट्रायल फ्रेम म्हणजे एक गोल, जड, हास्यास्पद दिसणारी फ्रेम. तिच्यात नंबरच्या काचा घालून-काढून बघतात. मी गुरुजींच्या डोळ्यांवर ती चढवली आणि दोन्हीकडे अधिक साडेपाचच्या काचा सरकवल्या. चांगल्या डोळ्यापुढे अशी काच ठेवली की त्याला उणे साडेपाचच्या डोळ्यासारखंच दिसतं. याला आम्ही फॉगिंग म्हणतो, म्हणजे मुद्दाम धुकं करणं. एरवी ते तपासणीसाठी करतात.

"फळ्यावरचं वाचा," मी म्हटलं. फळा त्यांच्याच सुंदर अक्षराने भरलेला होता.

गुरुजींनी मान पुढे काढली. मग मागे नेली. मग डोळे बारीक केले. "फळा आहे, एवढं कळतंय," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातात कॉमिक्स दिलं. त्यांनी ते सवयीने लांब धरलं, मग हळूहळू जवळ आणलं. नाकापासून वीतभर आल्यावर ते घडाघडा वाचायला लागले. टॉवेलवाला कोणाला तरी दम देत होता. गुरुजींचा आवाज खणखणीत. खिडकीत गोळा झालेली पोरं हसून लोळायची बाकी होती. मी म्हटलं, आता पुन्हा फळा.

"नाही हो दिसत, बाई."

दाराशी उभी असलेली वनिताची आई एक पाऊल आत आली. तिने साध्या आवाजात विचारलं, "गुरुजी, नाटक करता का?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. गुरुजींनी फ्रेम काढली, पुसली, परत माझ्या हातात दिली. मग त्यांनी वनिताला हाक मारली. ती चष्मा लावून आत आली, शेवटच्या बाकाशी उभी राहिली आणि न सांगता पूर्ण फळा वाचला. खाली कोपऱ्यातली तारीखसुद्धा. तारीख आदल्या शनिवारची होती, तेही तिने सांगितलं.

"ही इतकं वाचते?" आईने विचारलं.

"वाचते," गुरुजी म्हणाले. "चूक माझी झाली. शिमग्यानंतर पण पाठवा. मी पुढच्या बाकावर बसवतो."

वनिता म्हणाली, पुढे कशाला, आता मागूनपण दिसतं.

मॅडम आल्या तेव्हा तेवीस नाकांवर तेवीस चष्मे होते आणि बकरीवालीचा नवा मिळून चोवीस. मॅडमनी फोटो काढले. घोटाळा वेगळाच झाला. ज्यांचे डोळे ठणठणीत, अशी तीसेक पोरं माझ्यापुढे रांग लावून उभी, आम्हालापण नंबर द्या. वनिताने त्यांना एकेक करून हाकलून लावलं. नंबर नसताना चष्मा लावणारे नाटकी, असा तिचा निकाल होता आणि त्याच्यावर अपील नव्हतं. गाडी तलासरीतच राहिली.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकले. एक, फॉर्मवर चार कारणं छापली म्हणून जगात चारच कारणं असतात असं नाही. दोन, तपासताना मुलाला "काय दिसतं" याआधी "काय वाचतोस" हे विचारावं. आता मी विचारते.

२०१९ मध्ये वनिता तलासरीच्या शाळेतून नववीची मुलगी म्हणून नंबर बदलायला दवाखान्यात आली. उणे साडेसहा झाला होता. मी तिच्यापुढे मुलींना आवडणाऱ्या नाजूक फ्रेम मांडल्या. तिने त्या बाजूला केल्या आणि जाड काळी चौकोनी फ्रेम उचलली, अगदी टॉवेलवाल्याची. आरशात बघून तिने आधी आपल्या गालाची रेघ तपासली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याचा खोटा होता, बाई. माझा खरा हाय."