लेकीचे कावळे

लेक पाखरांच्या कामाला लागली की घरात पिसं साचत नाहीत, किस्से साचतात. आमच्या वैशूची नोकरी अमेरिकेच्या हवाई बेटांवर. इथले 'अलाला' नावाचे कावळे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि इथल्या रानातूनही संपले, म्हणून पिंजऱ्यात वाढवतात. आमचे हे गेल्यावर मी नाशिकहून लेकीकडे राहायला आले, तर लेक आधीच कावळ्यांनी नेलेली!

*

पहिल्याच आठवड्यात तिच्या कामावर फोन केला, "जेवलीस का गं?"

ती कुजबुजली, "आई, आत्ता नको. पिल्लांना भरवतेय."

तासातासाला भरवायचं म्हणे! पपई काय, अंड्याचे बारीक तुकडे काय. आणि मला ताप आला तेव्हा? "फ्रिजमध्ये खिचडी आहे, मायक्रोवेव्ह कर!"

*

लेलानी ही वैशूच्या कामावरची मैत्रीण, मूळची इथलीच. मला 'टूटू' म्हणते, म्हणजे आजी. एकदा जेवायला आली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तिथे कुजबुजत का बोलता?"

तिचं उत्तर वैशूनं मराठीत करून सांगितलं. पिल्लांनी माणसाला आई समजू नये, म्हणून हातात कावळ्याची बाहुली घालून भरवायचं आणि त्यांच्या कानावर पडेल असं बोलायचं नाही. पुढे त्यांना रानात सोडायचं असतं ना!

मी म्हटलं, "माझ्याशीही हल्ली बोलत नाहीस. मला कुठल्या रानात सोडणार आहेस?"

लेलानी अजून ते सांगून हसते.

*

एका रविवारी मला रान दाखवायला नेलं. आत शिरण्याआधी बूट ब्रशनं घासले, वर स्प्रे मारला. मातीतून झाडांना रोग लागतो आणि पाखरं त्या झाडांवरच जगतात म्हणे. माझ्या सासूचं सोवळं बघून हीच पोरगी फिदीफिदी हसायची!

आत एका फुलावर लालचुटूक, वाकड्या चोचीचं पाखरू बसलं होतं. वैशू श्वास रोखून बघतच राहिली. "आई, काय रंग आहे गं!"

मी त्याच रंगाची साडी नेसले होते. सकाळपासून!

*

मग कामावरची एक बाहुली उसवली. वैशू म्हणाली, "आई, तुझ्यासारखा टाका इथे कुणाला जमणार नाही."

इथे आल्यापासून माझं पहिलं कौतुक, तेही कावळ्यासाठी! तरी बारीक टाके घातले, वर नवीही एक करून दिली. लेलानी म्हणाली, "पिल्लांना ही आई फार आवडेल."

घ्या! लेकीच्या पोरांना आणखी एक आई, आणि ती केली कुणी? मी!

*

परवा ह्यांची तिथी होती. खीर, वडे, सगळं ह्यांच्या आवडीचं केलं. कावळा पानाला शिवल्याशिवाय मी जेवत नाही. वैशूनं शब्द दिला होता, "दुपारी येते. दोघी मिळून जेवू."

व्हरांड्यात पान ठेवलं. "काव, काव" केलं. पण या बेटावर मोकळा कावळा कुठला? आल्या त्या साळुंक्या. आपल्याकडच्याच त्या, कुणीतरी कधीकाळी आणून सोडलेल्या.

"तुमचं काम नाही!" म्हणून हाकलल्या.

वैशूचा फोन आला. कुजबुजत. "आई, एक पिल्लू चोचच उघडत नाहीये. तू जेवून घे."

"कावळा शिवल्याशिवाय?" म्हटलं आणि फोन ठेवला.

दिवेलागणीला आली. खीर गार झालेली, पान तसंच.

"खाल्लं का त्या पिल्लानं?" विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"खाल्लं."

तिनं पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात धुऊन आली. मी केलेली नवी बाहुली पिशवीतून काढली, हातात चढवली. बोलली काहीच नाही. काळी चोच वाकली, पानातल्या भाताला शिवली. मग खिरीत बुडवलेला वडा उचलून माझ्या तोंडासमोर आली.

मी आ केला.