रामकुंडावरचे देणारे

किस्से गोळा करायला मी कुठं गेलो नाही. रामकुंडाच्या घाटावर एका दगडावर बसून राहिलो आणि लोक येत गेले. घरात कोणी गेलं की पुरुष डोकं उतरवायला माझ्याकडं येतात. डोक्याला पाणी लागलं की माणूस बोलायला लागतो. पन्नास वर्षं मी वस्तरा चालवला आणि कान उघडे ठेवले.

परवा नातवाच्या कॉलेजातली मुलं घरी आली होती. एकानं विचारलं, "आजोबा, फिरायला गेल्यावर भिकाऱ्यांना पैसे द्यावेत का नाही?" मी तिसरी शिकलेला. म्हटलं, मी देत नाही. हातपाय चालतात तोवर माणसानं काम करावं, हे माझं मत. पण माझ्या मताचं तुम्ही काय करणार? पाहिलं ते सांगतो. तुमचं तुम्ही ठरवा.

*

घाटावर आम्ही चौघं जुने. मी, मखमलाबादहून फुलं घेऊन येणारी शांताबाई, पाहुण्यांना पंचवटी फिरवणारा रिक्षावाला अस्लम आणि क्रियाकर्म करणारे गुरुजी. गुरुजी वयानं माझ्या मुलाएवढे. पण गुरुजी.

पाचवी आली ती यमुनाबाई. देवळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तीन वर्षांपूर्वी मुलानं तिला आंघोळीला आणलं. माझ्या शेजारच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाला, "आई, इथंच बस. गाडी लावून आलो."

मी गिऱ्हाइकाच्या डोक्यात होतो. त्याची फक्त पाठ पाहिली.

तो अजून गाडी लावतोय!

दुसऱ्या दिवशी शांताबाईनं तिच्यापुढं बिस्किटं धरली आणि चांगल्या मनानं सांगितलं, "मावशी, मागायचं असलं तर तिकडं रांगेत बसा. इथं कोणी देत नाही."

यमुनाबाई ताडकन म्हणाली, "मी भिकारीन नाय बाई. मी थांबलेली हाये!"

*

तिसऱ्या दिवशी एका यात्रेकरूनं जाता जाता तिच्या मांडीवर पाच रुपये टाकले. तिला कळेचना. नाणं हातात धरून उभी राहिली आणि घाटभर ऐकू जाईल असं ओरडली, "कोनाचं पडलं हो? पाच रुपये पडले कोनाचे?"

रांगेतल्या सगळ्या भिकाऱ्यांनी हात वर केले!

तिनं पहिल्या हाताला देऊन टाकले. असं रोज चालायचं. रांगेतले तिची वाट पाहायला लागले. दोन महिन्यांनी तिनं विचारणं बंद केलं. पैसे पडले की मुकाट्यानं पदरात बांधायची. पण हात पुढं करायची नाही. हात मांडीवर आणि डोळे गाड्या लावतात त्या बाजूला.

मी तिला एक पैसा दिला नाही. मी देत नाही.

*

पुण्याकडचं एक जोडपं आलं. बाईंच्या मनात दान करायचं आलं. रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि नवऱ्यानं फोटो काढला. बाईंनी फोटो पाहिला.

"अरे, डोळे मिटलेत माझे! बाबा, द्या जरा परत."

नोट परत घेतली. पुन्हा दिली. दुसऱ्या फोटोत मागून एक म्हैस गेली. पुन्हा नोट परत. तिसऱ्या वेळी बाई छान हसल्या, पण म्हातारा हलला. बाईंनी हात पुढं केला तसं त्यानं नोट छातीशी धरली आणि म्हणाला, "ताई, फोटो नसला चांगला तरी चालंल. मला आता नोट ओळखायला लागली!"

घाट हसला. बाई रागावल्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "ह्यांना द्यायलाच नको."

*

अस्लमचं तोंड चालतं. कोणी भिकाऱ्यापुढं पाकीट काढलं की हा रिक्षातून सांगणार, "साहेब, देऊ नका. हे सगळं रॅकेट आहे. गावाकडं बंगले आहेत ह्यांचे." एकाही बंगल्याचा पत्ता त्याला माहीत नाही.

एका पाहुण्यांना त्यानं सीता गुंफेपासून तपोवनापर्यंत हे ऐकवलं. पाहुण्यांना पटलं. दिवसभर त्यांनी कोणाला काही दिलं नाही. संध्याकाळी भाडं द्यायची वेळ आली. ठरलेल्या पैशात त्यांनी पन्नास कमी दिले.

"साहेब, पन्नास राहिले."

पाहुणे म्हणाले, "सकाळपासून तुम्हीच शिकवलंत ना? तुमचंही रॅकेटच!"

दोन दिवस अस्लमनं कोणाला बंगले सांगितले नाहीत. तेवढीच घाटाला शांतता.

*

पितृपक्षात आमच्याकडं उलटं असतं. मागणारे थोडे आणि देणारे फार. प्रत्येकाला आपल्या माणसाच्या नावानं कोणालातरी जेवू घालायचं असतं. दुपारी एक वाजता नाशिक रोडचा एक मोठा कंत्राटदार पत्रावळ घेऊन रांगेपुढं फिरत होता. खीर, वडे, सगळं साग्रसंगीत. कोणी हात लावेना. शेवटी एका लंगड्यापुढं तो चक्क हात जोडून उभा राहिला.

"घ्या हो. चार घास तरी खा. नाहीतर आमच्या वडिलांचा आत्मा तसाच राहील."

लंगडा ढेकर देत म्हणाला, "शेठ, सकाळपासून अकरा बाप वर पाठवले. आता माझ्यात जागा नाय!"

कंत्राटदारानं त्याला शंभर रुपये दिले तेव्हा त्यानं एक वडा मोडला. त्या दिवशी मला कळेना, भीक कोण मागतंय.

*

मग दुकानदारांनी ठरवलं की बोर्ड लावायचा. "भिकाऱ्यांना पैसे देऊन भीक मागण्यास प्रोत्साहन देऊ नये." वाक्य गुरुजींनी लिहून दिलं. वर्गणी निघाली. भिकाऱ्यांच्या कामासाठी मी आयुष्यात एकदाच खिशात हात घातला, तो ह्या बोर्डासाठी. मोठा पत्र्याचा बोर्ड आला. दोन खांबांवर उभा केला.

घाटावर उन्हात सावली कुठं आहे? दुपारी तीनच्या सुमारास सगळी रांग उठली आणि बोर्डाच्या सावलीत जाऊन बसली!

आता पाहुणे बोर्ड वाचायला थांबतात. वाचून झालं की नजर खाली जाते. खाली भिकारी. मग खिशात हात जातो. शांताबाई म्हणते, "पहिल्यापेक्षा धंदा बरा आहे त्यांचा. आपल्या फुलांनापण एक बोर्ड लावा ना, की फुलं घेऊ नका!"

*

एकदा बडे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी पालिकेची गाडी आली आणि रांग उचलायला लागली. पाहुणे जाईपर्यंत ह्यांना शहराबाहेर ठेवायचं होतं. सगळे भराभर बसले, तिकडं जेवण मिळतं. यमुनाबाई पायरी सोडेना.

"मी गेले आन् तो आला मंजे? कुठं शोधील मला?"

दोन माणसं तिचे हात धरायला लागली. माझ्या हातात वस्तरा होता. मी तिथूनच म्हणालो, "सोडा तिला. बहीण आहे माझी."

"तुमची बहीण इथं पायरीवर काय करते?"

"भावाचं काम बघते. तुम्हाला काही त्रास?"

सोडली. गाडी गेली. यमुनाबाईनं पदर नीट केला आणि मला विचारलं, "बहीन म्हनता, आन् दोन वर्सं झाली, भावजयीनं एकदा जेवायला बोलावलं नाय?"

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त यायला लागल्या. मी देत नाही. बायको देते.

*

अस्लम सटाण्याला भाडं घेऊन गेला तेव्हा परत येताना वाट वाकडी करून यमुनाबाईच्या गावाला गेला. फाट्यावरच्या हॉटेलात तिचं घर विचारलं.

हॉटेलवाला म्हणाला, "यमुनाबाई? ती तर गेली की. सुरतेला भावाकडं होती, तिकडंच वारली. मुलगाच सांगत होता."

अस्लमनं चहा अर्धा टाकला आणि रिक्षा वळवली. आम्हा तिघांना सांगितलं. तिला काय सांगायचं?

तो तिकडं जाणार हे तिला माहीत होतं. ती विचारत होतीच. "गेला व्हता ना रं? भेटला का?"

"घराला कुलूप होतं, खाला."

"हां," ती म्हणाली. "कांदा काढनीचे दिस हायेत. सगळे रानात आसतील."

रॅकेटवाल्या अस्लमनं त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाला एक एक केळं वाटलं. का, ते मी विचारलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी घरी सांगितलेला नाही.

ह्याच वर्षीची गोष्ट. उन्हं नुकती घाटावर आली होती. पंचेचाळिशीचा एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट. बरोबर दोन पाहुणे. तो माझ्यापुढं बसला. आई किंवा वडील गेले असतील तर आमच्याकडं मिशीही काढतात, म्हणून मला विचारावं लागतं.

"कोण गेलं?"

"आई."

"केव्हा?"

पाहुण्यांतला जाडा म्हणाला, "झालं की वर्ष, मामा. ह्यांची मुलगी आमच्या मुलाला करतोय. पण ह्यांनी आईचं कार्यच केलेलं नाही! आमच्या घरात असलं चालत नाही. म्हटलं, रामकुंडावरच, आमच्यासमोर उरका, मग साखरपुड्याचं बोलू. नाहीतर सोयरीक मोडली समजा."

मी डोकं भिजवलं. मिशी काढली. उजवी बाजू उतरवली. तेवढ्यात गुरुजी वही घेऊन आले.

"गेलेल्या बाईंचं नाव?"

"यमुनाबाई."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं. गुरुजींचा पेन थांबला. माझा हात थांबला.

मी पायरीकडं पाहिलं. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता आणि ताठ बसली होती. आमच्या आधी तिला कळलेलं होतं. आवाजावरून कळलं असणार.

मी वस्तरा मिटला.

"ऊठ."

"अं? अहो मामा, अर्धंच झालंय!"

"दिसतंय मला. बाकीचं तुझ्या गावात कर."

"पैसे वाढवून देतो की."

"ऊठ म्हटलं ना."

तो उभा राहिला. अर्ध्या डोक्यावर केस, अर्धं तुळतुळीत, मिशी नाही. माझ्या धंद्यात ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. रांग हसायला लागली. जाड्या पाहुण्यानं मोबाईल काढला. दुसरा म्हणाला, "हा काय प्रकार आहे? न्हावी असा उठवतो, म्हणजे काहीतरी असणार. काय केलंय तुम्ही?"

अस्लम रिक्षातून उतरून आला. शांताबाई फुलं टाकून उभी राहिली. तो माणूस डोक्यावर हात धरून इकडंतिकडं बघायला लागला, आणि त्याची नजर पायरीवर गेली. तिथंच राहिली. मग त्यानं खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं नाही.

यमुनाबाई गुडघ्यावर हात देत उठली. पदर तसाच. माझ्यापाशी आली.

"भाऊ, पुरं करा त्याचं. पाव्हन्यांम्होरं हसं व्हतंय."

"तुला कळतंय का, काय पुरं करायला सांगतेस?"

"पोरीचं लगीन हाये. करा म्हनते ना!"

जाडा म्हणाला, "बघा, ह्या म्हातारीला कळतं. तुम्हाला कळत नाही."

मी वस्तरा उघडला. पुरं केलं. शेंडी ठेवली. तो उठला तेव्हा मी पैसे घेतले नाहीत. गुरुजींनी विचारलं, "सुरू करू?" कोणाला विचारलं, माहीत नाही. ती म्हणाली, "करा."

तासभर मंत्र चालले. यमुनाबाईच्या नावानं पिंड ठेवला. यमुनाबाई पायरीवर बसून बघत होती. कावळा लगेच शिवला. पाहुणे खूश झाले. "इच्छा काही राहिली नव्हती माउलीची!" जाडा म्हणाला. अस्लमचं मनगट मी धरून ठेवलं होतं.

कार्य झाल्यावर दान असतं. तो दहाच्या नोटांची गड्डी घेऊन रांगेतून निघाला. पाहुणे मागून मोजत होते. प्रत्येकाला दहा. रांग संपली. मग पायरी.

तो तिच्यापुढं थांबला. शर्टाच्या खिशातून पाचशेची काढली, चौघडी केली.

तीन वर्षांत यमुनाबाईनं कोणापुढं हात केला नव्हता. त्या दिवशी केला. त्यानं नोट ठेवली. तिनं ती उलगडली, पाहिली आणि परत त्याच्यापुढं धरली.

"चुकून जास्त आलं, दादा. समद्यांना धा हायेत."

तो उभाच. तिचा हात तसाच पुढं. पाहुणे बघत होते.

त्यानं दहाची काढून दिली. तिनं कपाळाला लावली आणि पदरात बांधली.