ते गाडीखाली आहेत

माझ्या दाजींशी भांडायचं तर त्यांच्या पायांशी भांडावं लागे. राग आला की माणसं आवाज चढवतात, भांडी आपटतात, जेवण सोडतात. दाजी पाठीवर आडवे होऊन गाडीखाली सरकत. बाहेर उरत ते फक्त गुडघ्यापासूनचे पाय आणि झिजलेल्या स्लीपर. दूधवाला येवो, शेजारी येवो नाहीतर मी, ताई आतूनच सांगे, "ते गाडीखाली आहेत." पायांच्या अंगठ्यांवरून मला त्यांचा पारा कळायचा. अंगठे ताठ असले की चहासुद्धा विचारायचा नाही.

गाडी लाल होती. दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. कुठल्याशा गोऱ्या साहेबाबरोबर बोटीने आलेली ही शर्यतीची गाडी चार घरं फिरून उल्हासनगरच्या एका कापडवाल्याकडे धूळ खात पडली होती. इतकी पळालेली की मीटर पुरा फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झालेला. "ले जा साईं, मेरे घर में शांती आएगी," म्हणत त्याने ती दाजींच्या गळ्यात मारली आणि त्याच्या घरची अशांती अंबरनाथ पूर्वेला माझ्या ताईच्या घरी आली. दाजी आनंदनगरच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्याबरोबरीच्या लोकांनी स्कूटर घेतल्या, फ्रिज घेतले. ताईकडे पुढच्या खोलीची भिंत पाडून गाडीला शेड झाली.

मला त्या गाडीचा पहिल्यापासून राग होता. रेडिएटर गळायला लागला की दाजी त्यात ताईची हळद ओतत. भेगा बुजतात म्हणे. बुजायच्याही, पण मग रविवारची भाजी पांढरीफटक. कार्ब्युरेटर धुवायला ताईची परात, त्याची भोकं साफ करायला ताईची सुई, छपराचं कापड शिवायला ताईचं मशीन. एकदा मी तणतणत परात उचलून स्वयंपाकघरात न्यायला निघाले, तर गाडीखालून शांत आवाज आला, "मेव्हणीबाई, न्या खुशाल. फक्त स्टोव्हपासून लांब धरा, पेट्रोल आहे त्यात." मग ती परात धरून मी कितीतरी वेळ खोलीच्या मधोमध उभी. पाय मात्र हसत होते. खरंच, पायही हसतात, हे मी त्यांच्याकडून शिकले.

त्या गाडीचे सुटे भाग कुठे मिळणार? दाजी ते कारखान्यातल्या लेथवर स्वतः घडवत. बुश, पिना, सायलेन्सरचे क्लॅम्प, सगळं. नुसती दुरुस्ती करून त्यांचं भागत नसे. ताई ठेंगणी. सीटवर बसली की तिला समोर रस्ता दिसायचा नाही आणि पायही खाली टेकायचे नाहीत. दाजींनी तिची सीट काढून उंच केली, तिच्या पायाखाली चक्क जेवायचा एक पाट कापून बसवला. एवढी देखणी गाडी का बिघडवता, असं मी विचारलं. तर म्हणाले, "कंपनीने ती सगळ्यांसाठी बनवली होती. मी तुझ्या बहिणीसाठी बनवतोय."

कारण रविवार ताईचा होता. संध्याकाळी ती ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन त्या उंच सीटवर बसे आणि दोघं बदलापूरच्या पुढे धरणाच्या रस्त्याला जाऊन येत. मुलांना गाडीत जागा नाही, सासूबाईंना नाही. त्या सगळ्यांना सांभाळायला मी विठ्ठलवाडीहून येत असे, म्हणजे चिडायचा हक्क मला होताच. पण आठवडाभर कुणाकडे काही न मागणारी माझी बहीण केस विस्कटून, गाल लाल करून परत येई, तेव्हा माझी तक्रार तोंडातच राही.

मग ताईच्या गल्लीचा विकास झाला. आधी दरवर्षी जुना थर न खरवडताच वर नवं डांबर पडायचं आणि दाजी दारात फळ्या टाकून गाडी काढायचे. त्या वर्षी काँक्रीट आलं आणि रस्ता उंबऱ्याच्या गुडघाभर वर गेला. तळमजल्याची सगळी घरं खड्ड्यात गेली. पहिल्याच रविवारी गाडी फळ्यांवरून वर चढली, पोटावर अडकली आणि सायलेन्सर तुटून खाली पडला. ताई पर्स धरून सीटवर तशीच. शेजाऱ्यांनी ढकलून गाडी मागे घेतली.

रस्ता ज्यांनी आणला, त्या पुढाऱ्यांचा फोटो नाक्यावर हात जोडून उभा होता. दाजी त्यांना भेटायला गेले. साहेबांनी हसून सल्ला दिला की अहो, गाडी बदला, हल्ली लोक उंच गाड्या घेतात. दाजी घरी येऊन गाडीखाली गेले. पुढच्या सुट्टीला त्यांनी स्वतः विटा आणल्या, सिमेंट कालवलं आणि गटारावरून एक लांब, सावकाश चढणारा उतार बांधला. तो वाळायच्या आत ठेकेदाराची माणसं घण घेऊन आली. अतिक्रमण आहे म्हणाली. शेजारीच, त्याच गटारावर, साहेबांच्या पुतण्याची पानाची टपरी होती. तिला वळसा घालून त्यांनी आमचा उतार फोडला. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, त्यांच्या साहेबांचा उद्धार केला, टपरीकडे बोट दाखवलं. गॅलऱ्यांत सगळी गल्ली जमली, खाली एकजण उतरला नाही.

आत येऊन मी पायांशी बोलले. "दाजी, पुरे झालं. स्प्रिंगखाली ठोकळे घाला आणि करा गाडी उंच. तुम्हाला येतं ते."

मग ताठलेले अंगठे सैल पडले. "येतं. उद्या करतो." इतका लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

ताई दारात उभी होती. "करायची नाही," ती म्हणाली. "रस्ता त्यांनी वाढवला. आपण का बदलायचं?"

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी शेडचं शटर वर जाई. ताई ठेवणीतली साडी नेसून सीटवर बसे, पाय पाटावर ठेवी. दाजी छप्पर मागे दुमडत, गाडी सुरू करत आणि दोघं तिथल्या तिथे बसून राहत. समोर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून रिक्षांची चाकं जात. दाजी वेळच्या वेळी ऑइल बदलत, ब्रेक काढून बसवत, हळद ओतत. न धावणाऱ्या गाडीला कशाला एवढं, असं मी म्हटलं, तर म्हणाले की उद्या रस्ता फोडला तर आपण तयार नको? एकदा पाइप टाकायला रस्ता खरंच फोडला. दाजींनी गाडी पुसून चकचकीत केली. पाइप पडला आणि खड्डा बुजवताना रस्ता आणखी चार बोटं वर आला.

दाजी गेले ते कारखान्यातच, लेथसमोर. घरी आणलं तेव्हा शेडमध्येच ठेवलं, गाडीशेजारी. पाय दाराकडे. नेताना दोघांनी रस्त्यावर उभं राहून वरून धरलं, दोघांनी खालून उचललं, तेव्हा कुठे तिरडी बाहेर निघाली.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, फोटोतल्यासारखेच हात जोडलेले. रस्त्याच्या कडेला उभे राहून खाली आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, भेटायला आलात ना, मग खाली उतरा. त्यांना ते आवडलं नाही, पण लोक बघत होते म्हणून धोतर सावरत उतरले. चार शब्द बोलून झाल्यावर त्यांची नजर गाडीकडे गेली. बंद गाडीने घराची जागा अडवलीय, सांगाल तेव्हा क्रेन पाठवून उचलून न्यायची व्यवस्था करतो, असं ते ताईला म्हणाले.

ताई उठली. गाडीत हात घालून तिने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं.

"गाडी चालू आहे," ताई म्हणाली. "बंद तुमचा रस्ता आहे."