पंधरा दिवसांची स्वच्छ बोटं

"हात दाखव."

सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. मी दाखवले. बोटं काळी, नखांभोवती सोललेली.

"शी! या हातांनी बोर्डाला हात लावायचा नाही. नवा आहे. जागेवर बस, दुसरे करतील ते बघ."

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात टचचा मोठा बोर्ड नुकताच आला होता. त्यावर लहान-मोठ्या रंगीत पट्ट्या यायच्या. बोटाने सरकवून त्या क्रमाने लावायच्या. चुकलं की पट्टी लाल. कॉम्प्युटर क्रम कसा लावतो, ते असं डोळ्यांना दिसायचं. सगळ्यांनी पट्ट्या सरकवल्या. मी सोडून.

ते काळं म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. लांज्याच्या कारखान्यात आई बिया फोडते, सुट्टीच्या दिवशी मीही तिच्या शेजारी बसायचे. राख चोळा, साबण लावा, जात नाही. कातडीच सोलून पडावी लागते. हे सरांना सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मेंदी आहे सर. बिघडली." वर्ग हसला. मीपण हसले.

घरी येऊन आईवर ओरडले, "तुझ्या त्या बियांमुळे माझी शोभा झाली!"

तिने हात पदराखाली घेतले. "तू नको येव गो बाय. मी फोडीन येकटी."

मी खरंच गेले नाही. पंधरा दिवसांत बोटं साफ झाली. सरांनी बोलावलं. पट्ट्या लावल्या, एकही लाल झाली नाही. "बघ, आता कशी मुलीसारखी दिसतेस," सर म्हणाले. आणि मी म्हणाले, "थँक्यू सर." थँक्यू! आठवलं की आजही मान वर होत नाही.

त्याच दिवशी आई चमच्याने जेवताना दिसली. माझ्या वाटणीच्या बियाही तिनेच फोडल्या होत्या. सोललेल्या बोटांना आमटी झोंबत होती, म्हणून चमचा.

रविवारी मी कारखान्यात गेले. नंतरही जात राहिले.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सरांनी पुन्हा बोटं पाहिली. "तू नुसतं तोंडी सांग. पट्ट्या दुसरी कुणीतरी सरकवेल."

"नाही सर. मीच सरकवणार."

"मार्क जातील."

"जाऊ देत."

मी बोर्डापाशी गेले आणि पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

मार्क गेले. त्या मेंदीची आणि त्या थँक्यूची लाज मात्र गेली नाही, ती मरेपर्यंत राहील. राहू दे. पण हात लावू का, असं यापुढे मी कुणालाही विचारणार नाही.